काडी टाकणाऱ्याचे नाव मथळ्यात कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'नेटकरी संतापले', 'नेटकऱ्यांनी झोडपले', 'ते विधान भोवले' अशा बातम्या आपल्या आणि इतरही वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर रोज दिसतात. समाजमाध्यमांवरची खाती सांभाळणे हा आम्हा पत्रलेखकांचा व्यवसाय आहे. यातल्या कितीतरी 'संतापां'चा कच्चा माल ठरवून तयार केलेला असतो आणि तो घरोघरी पोहोचवण्याचे मोठे काम वेब आवृत्त्या फुकटात करून देतात. आमची तक्रार या दुसऱ्या भागाबद्दल आहे. पण आधी पहिला भाग उलगडून दाखवायला हवा.

एक साधा नमुना घ्या. गणपतीच्या आठवड्यात उकडीच्या मोदकांचे रील येते. सारणात गुळाऐवजी साखर, आणि वर ठळक अक्षरांत 'कोकणातली पारंपरिक पद्धत'. साखर घातली म्हणून कुणी भांडत नाही. ज्याला जे आवडते ते तो घालतो. काडी आहे ती 'पारंपरिक' या शब्दात. 'ताई, सारणात गूळ असतो' हे सांगायला शेकडो लोक थांबतात, रील पुन्हा पाहतात, बहिणीला पाठवतात. रील पाठवणे, पुन्हा पाहणे आणि टिप्पणी लिहिणे या तिन्ही गोष्टी, कुणाला काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या लेखी, पसंतीच्याच. तुम्ही चिडून लिहिले की खूश होऊन, हा भेद तिथे जवळजवळ उरत नाही. मग सगळ्यात खवचट टिप्पणी वर 'पिन' केली जाते, म्हणजे नवा येणारा आधी तीच वाचतो आणि भांडणात उतरतो. पहिल्या तासाभरात खातेदार स्वतः उत्तरे देतो, तीही अर्धवट आणि डिवचणारी. कुणीच भांडायला आले नाही, तर ओळखीतल्या एखाद्या खात्यावरून पहिला विरोध लिहवून घेतात.

ही आमची कल्पना नव्हे. मार्च-एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरने (आताचे 'एक्स') आपल्या शिफारस-यंत्रणेचा काही भाग उघड केला, तेव्हाचे गुण पाहा : लाइकला ०.५, रीट्वीटला १, उत्तराला १३.५, आणि त्या उत्तराला मूळ लेखकाने दाद दिली तर ७५. भांडण करायचे आणि लांबवायचे, याचे बक्षीसच इथे लिहून ठेवले होते. त्याच वर्षी जुलैपासून उत्तरांच्या रांगेत दिसणाऱ्या जाहिरातींच्या कमाईतला वाटा पात्र खातेदारांना मिळू लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिशेब बदलला आणि पैसे देऊन सदस्य झालेल्यांच्या प्रतिसादावर बेतला गेला. फेसबुकने तर २०१७ पासून इमोजींना लाइकच्या पाचपट वजन दिले होते. त्यातल्या संतापलेल्या चेहऱ्याचे वजन शून्यावर यायला सप्टेंबर २०२० उजाडला. नंतर कोष्टके बदलत राहिली, पण प्रतिसादाला भाव देण्याचे तत्त्व सुटलेले नाही. 'येन केन प्रकारेण' प्रसिद्ध व्हायचेच म्हणत गाढवावर बसणाऱ्याला पूर्वी निदान मानधन तरी मिळत नव्हते!

पॉडकास्टची तऱ्हा निराळी. दीड तासाच्या गप्पांतून तीस-चाळीस सेकंदांचे तुकडे कापून ते वेगवेगळ्या पानांवर सोडतात. पाहुणा म्हणतो, 'अमुक गोष्ट चुकीचीच होती, पण त्या काळी दुसरा मार्ग नव्हता.' तुकडा 'पण'च्या आधी कापला जातो. कुणी जाब विचारलाच तर 'पूर्ण भाग पाहा' हे उत्तर तयार असते, आणि ते उत्तरही जाहिरातच असते.

मोदकाच्या भांडणाने कुणाचे काही बिघडत नाही, हे मान्य. बिघडते ते पुढे. वादातून आलेली माणसे पाककृती पाहायला आलेली नसतात, त्यामुळे पुढचे साधे रील त्यांना दिसले तरी ती न थांबता पुढे सरकतात. पाहणारे थांबत नाहीत म्हणून यंत्रणा ते रील पुढे नेत नाही, आणि खातेदाराला वाटते की आपली 'रीच', म्हणजे लोकांपर्यंतची पोहोच, पडली. ती सावरायला पुढची काडी मोठी लागते. खाद्यपदार्थ झाले की पुणे-मुंबई-नागपूर, मग भाषा, मग जात आणि महापुरुष. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आली आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. त्या अडीच महिन्यांत खरा, मुद्देसूद विरोध झाला तसाच दुकानदाराच्या किंवा रिक्षावाल्याच्या तोंडापुढे मोबाइल धरून 'मराठी बोला' किंवा 'नाही बोलणार' यातले काहीतरी वदवून घेणाऱ्यांनीही हात धुवून घेतले. दोन्ही बाजूंच्या खात्यांना व्ह्यूज मिळाले, आणि ज्याच्या तोंडापुढे मोबाइल धरला त्याचा चेहरा मात्र कायमचा फिरत राहिला.

पैशाच्या बाजूनेही हा धंदा वाटतो तितका किफायतशीर नाही. जाहिरातदारांना न रुचणारा मजकूर असला की यूट्यूबवर त्या व्हिडिओपुढे पिवळे चिन्ह येते आणि जाहिराती आटतात. ब्रँडच्या करारात बदनामी झाल्यास करार मोडण्याचे कलम बहुधा असतेच. नव्वद दिवसांत नियमभंगाचे तीन 'स्ट्राइक' मिळाले तर यूट्यूब चॅनेलच बंद होऊ शकते. नव्याने उतरणारी पोरे यातले काहीच वाचत नाहीत.

आता वृत्तपत्रांची बाजू. २ फेब्रुवारी २०२४ रोजी मॉडेल-अभिनेत्री पूनम पांडे यांच्या इन्स्टाग्राम खात्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाल्याची पोस्ट आली. आदल्याच दिवशी अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना या कर्करोगाची लस देण्यास प्रोत्साहन देण्याचा उल्लेख झाला होता. देशभरातल्या माध्यमांनी निधनाची बातमी दिली. ३ तारखेला त्या स्वतःच व्हिडिओत आल्या आणि हे सारे जनजागृतीसाठी होते म्हणाल्या. मोहिमेत सहभागी असलेल्या जाहिरात संस्थेने नंतर माफी मागितली. त्यांच्यावर टीका व्हायची ती झाली. पण आमचा प्रश्न बातमीदारीचा आहे. कुठल्याही मृत्यूच्या बातमीत रुग्णालय, नातेवाईक आणि अंत्यसंस्काराची जागा यांपैकी एकाचा तरी दुजोरा लागतो. हा नियम गावच्या वार्ताहरालाही पाठ असतो. इथे पोस्ट आणि व्यवस्थापकाचे सांगणे यांनाच दुजोरा मानले गेले. दुसऱ्या दिवशी 'जिवंत आहे' ही बातमीही तितक्याच मोठ्या मथळ्यात आली, म्हणजे एका काडीचे दोन वणवे.

माफीनाम्यांचेही तसेच. माफी हा आता वादाचा दुसरा भाग झाला आहे : साधा टी-शर्ट, मेकअप नाही, संगीत नाही, आणि 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर'. 'माफी मागितली' अशी बातमी लावण्याआधी डेस्कवरच्या माणसाने दोन गोष्टी तपासाव्यात. मूळ व्हिडिओ काढला आहे का, आणि नेमके कोणते वाक्य चुकले हे माफीत सांगितले आहे का? दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर ती माफी म्हणून छापू नये.

आमचे म्हणणे बंदीचे नाही, हे स्पष्ट करतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, ते बरेच झाले. शिवाय गुन्हा दाखल होणे हेही या मंडळींना नवे खाद्य असते. अप्रिय पण खरे बोलणाऱ्यालाही शिव्या पडतातच. त्याला आणि काडी टाकणाऱ्याला एका मापाने मोजू नये. फरक ओळखणे फारसे अवघड नसते. पहिला पुरावा देतो, पूर्ण व्हिडिओ ठेवतो, मुद्द्याच्या प्रश्नाला उत्तर देतो. दुसरा शिवीगाळीला उत्तर देतो आणि मुद्दा विचारणाऱ्याला टाळतो.

मग मागणी काय? वाद खरोखर सार्वजनिक महत्त्वाचा असेल तर तो मुद्दा छापा, पण मथळ्यात खात्याचे नाव नको. व्हिडिओ बातमीत एम्बेड करू नका, म्हणजे आपल्याच पानावर चालेल असा जोडू नका : यूट्यूबचा व्हिडिओ वाचकाने आपल्या पानावर दाबून पाहिला तरी व्ह्यू मूळ चॅनेलच्याच नावावर जमा होतो. काय म्हटले ते दोन ओळींत आपल्या शब्दांत सांगता येते. स्क्रीनशॉट द्यायचाच असेल तर हँडल (खात्याचे नाव) झाका, आणि टिप्पणी करणाऱ्या सामान्य माणसांची नावेही. तीन-चार टिप्पण्या उचलून त्यांना 'नेटकरी' म्हणणे बंद करा. किती टिप्पण्या पाहिल्या आणि कुठल्या पानावर, ते लिहा. ज्यात कुणाच्या जिवाला किंवा शांततेला धोका नाही अशा वादाची बातमी एक दिवस थांबवून पाहा. बऱ्याच वेळा दुसऱ्या दिवशी छापण्यासारखे काही उरलेलेच नसते.

वाचकांनीही चुकीचे रील दिसले की खाली दुरुस्ती लिहीत बसू नये. 'रस नाही' हा पर्याय दाबावा, आणि मजकूर खरोखर घातक असेल तर योग्य कारण निवडून तक्रार करावी. वर सांगितलेल्या ट्विटरच्या कोष्टकात तक्रारीला उणे ३६९ गुण होते. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे ३० दिवसांत दाद मागता येते. अचूक माहिती द्यायचीच असेल तर ती आपल्या पानावर, मूळ रीलचा दुवा न देता द्यावी.

एक शेवटची विनंती आपल्या समाजमाध्यम विभागाला. असल्या बातमीची लिंक फेसबुकवर टाकताना वर 'तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये सांगा' असे लिहिलेले असते. ती ओळ आधी काढून टाका.

आपले,
समाजमाध्यम क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे