पळपुटे म्हणण्याआधी एकदा पाणी भरून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं आहे की, लालबाग-परळच्या गिरणगावातली खोली विकून डोंबिवली-बदलापूरला जाणारा मराठी माणूस पळपुटा आहे आणि मुंबईतला मराठी टक्का घसरला तो त्याच्यामुळेच. हे पत्र आमच्या घरात मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. वाचणारा माझा मुलगा. ऐकणाऱ्या मी आणि सूनबाई, दोघीही खोली विकून डोंबिवलीला जाऊ म्हणणाऱ्या. म्हणजे घरातल्या तीन मोठ्या माणसांत दोन पळपुट्या निघाल्या. म्हणून हे उत्तर.

आमची खोली करी रोडला, दुसऱ्या मजल्यावर, १० बाय १५. सासऱ्यांच्या वेळची पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन थोड्या भाड्यावर कायमची घेतलेली. मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला, १६ खोल्यांत चार. त्यातल्या एकाची कडी दीड वर्ष मोडलेली आहे, आत गेलेल्याने खाकरत राहायचं. मी ६७ वर्षांची. ३४ वर्षं महापालिकेच्या रुग्णालयांत परिचारिका होते, उभं राहून राहून गुडघे गेले. रात्री दोनदा उठावं लागतं. पावसाळ्यात त्या गॅलरीत लाद्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा एका हातात बॅटरी, एक हात कठड्यावर. पत्राखाली त्या गृहस्थांचा पत्ता पार्ल्याचा आहे. पार्ल्यात संडास घरात असतो, असं ऐकून आहे.

पाणी पहाटे साडेचार ते सहा. सूनबाई उठते, पिंप भरते, कळशा भरते, पोटमाळ्याखालचा ड्रम भरते, डबे करते आणि आठच्या गाडीला पळते. मुलगा आमच्या मंडळाचा जुना कार्यकर्ता, गणपतीत दहा दिवस रजा टाकतो, लालबाग-परळ सोडायचं म्हटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. खोटं नाही ते. पण अभिमान तो बाळगतो आणि पाणी ती भरते. (हे तो वाचणार आहे. वाचू दे.) त्याचं ऑफिस ऐरोलीला, ठाण्याला गाडी बदलून जायचं. डोंबिवलीहून ठाणे जवळ पडेल, असं सांगितलं तर म्हणतो, इथून सकाळी उलट्या दिशेच्या गाडीत बसायला मिळतं. आता हा अभिमान की खिडकीची जागा, हे त्याचं त्याने ठरवावं.

आता पळपुटेपणाबद्दल. माझे वडील १९४९ साली राजापूर तालुक्यातून आले. मुसाकाजी बंदरात बोटीत बसले, भाऊच्या धक्क्याला उतरले आणि गावकऱ्यांनी मिळून मुंबईत घेतलेल्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक आणि एक चटई ठेवायची जागा मिळवली. त्या खोलीत वीस-बावीस माणसं. पाळीप्रमाणे झोपायचे, एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबाने. अर्धा पगार मनिऑर्डरने गावाला. गाव सोडून गेला म्हणून त्यांना कोणी पळपुटा म्हटलं नाही. गावाने त्यांना चाकरमानी म्हटलं आणि गणपतीला, शिमग्याला त्यांची वाट पाहिली. जाणाऱ्या माणसाशी नातं कसं ठेवायचं, हे कोकणातल्या अडाणी म्हातारीला कळत होतं. ते आम्हा मुंबईकरांना का कळू नये?

यजमान कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. अडीच लाख माणूस घरी बसला. आमच्या मजल्यावरची निम्मी कुटुंबं तेव्हाच गावाला गेली, ती परत आलीच नाहीत. आमचं निभावलं ते माझ्या पगारावर. यजमान पुढे भायखळ्याच्या भाजी मार्केटात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला लागले, पण गिरणीची कात्रणं मात्र शेवटपर्यंत जपून ठेवायचे. त्यांची ती पेटी माझ्याकडे आहे. पार्ल्याच्या गृहस्थांनी येऊन बघावी.

त्यात १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीचं कात्रण आहे, नियम ५८चं. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. यजमानांनी त्यावर लाल पेनाने रेघ मारली आहे आणि बाजूला 'घर' असं लिहिलं आहे, एवढंच. मग २००१चं कात्रण. नियम बदलला. वाटणी आता सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या जमिनीची. ज्या जमिनीवर शेड उभी, साचे उभे, ती वाटणीतून बाहेर. आणि गिरणीत मोकळी जमीन असते किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. या कात्रणावर त्यांनी काहीच लिहिलेलं नाही.

गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. तिच्यावर काय उभं राहिलं ते पाहायला आमच्या गॅलरीत आलं तरी पुरे. आणि संपकऱ्यांच्या वारसांना घरं दाखवली ती शेलू आणि वांगणीला, बदलापूरच्याही पुढे. त्याविरुद्ध गेल्या वर्षी, २०२५च्या जुलैत, म्हातारे गिरणी कामगार आझाद मैदानात बसले होते. टक्का घसरला म्हणून आज हळहळणारे २००१ साली कुठे होते, हा प्रश्न मी विचारत नाही, कारण तेव्हा मीही नाइट ड्युटी करून झोपलेली असायची. पण दोष द्यायचाच तर आधी त्या नियमाला द्या, मग माझ्या सुनेला.

गंमत अशी की आमच्या भागाची ओळख राखायची तर आम्ही इथेच राहिलं पाहिजे, असं सांगतात आणि जाहिरातीत लोअर परळला 'अप्पर वरळी' म्हणतात. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं २०१८ साली, आनंद वाटला मला, पेढे वाटले आमच्या मंडळाने. पण पाटीवर मराठी नाव लागलं त्याच सुमारास आमच्या चाळीतली चौथी खोली विकली गेली.

डोंबिवलीला आम्ही तीनदा जाऊन आलो. माझी धाकटी बहीण तिथे ३० वर्षं आहे. तिच्या इमारतीत खाली सूचना लागते ती मराठीत, भांडणं मराठीत, वाचनालयात दुपारी बसायला जागा मिळत नाही. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रेचं आज सगळीकडे कौतुक होतं, गिरगावची टीव्हीवर दाखवतात, ती पहिल्यांदा निघाली डोंबिवलीत. दादर-गिरगावात जागा न परवडून गेलेल्यांच्या गावात. पळपुट्यांनी सुरू केलेला सण मुंबईने उचलला म्हणायचा. खड्डे, गर्दी, रिक्षावाल्यांची अरेरावी, तेही आहेच तिथे, बहीण काही लपवत नाही.

मला अडवणारी गोष्ट एकच आहे आणि ती अभिमानाची नाही. २०१४ साली रात्री अडीचला यजमानांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या तीन मुलांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून जिना उतरवला. एकाने बनियनवरच टॅक्सी थांबवली. दहा मिनिटांत केईएम. त्यानंतर ते चार वर्षं जगले, नातीला शाळेत सोडायला गेले. जन्मभर रुग्णालयात काढलेल्या बाईला त्या दहा मिनिटांची किंमत कळते. केईएम, टाटा, वाडिया, सगळं इथे पायी अंतरावर. आणि डोंबिवलीत खुर्ची उचलायला अडीच वाजता तीन मुलं येतील का, हे तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवणारा एजंट सांगू शकत नाही. लिफ्ट आहे, म्हणाला. हे माझ्या मनातून जात नाही. रोज रात्री गॅलरीतून परत येताना वाटतं जावं, आणि शेजारच्या दाराखाली उजेड दिसला की वाटतं राहावं.

तरी मी जायचं म्हणते. खोलीची जी किंमत येईल त्यातला तिसरा हिस्सा रिवाजाप्रमाणे घरमालकाचा, उरलेल्यात सूनबाईचं थोडं कर्ज घालून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि घरातला संडास येतो. नात आता १३ वर्षांची आहे, गॅलरीतून संडासला जाताना लाजते. गणपतीत दहा दिवस मी इथे येऊन राहीन, शेजारीण म्हणालीच आहे. लालबागकर मला डोंबिवलीची चाकरमानी म्हणाले तर मला चालेल.

नाव छापू नये ही विनंती, घरात अजून एकमत झालेलं नाही. आणि एक विचारायचं होतं. आपला अंक डोंबिवली पूर्वेला सकाळी किती वाजता पोहोचतो? इथे सव्वासहाला दारात असतो, त्याची सवय झाली आहे.

एक निवृत्त परिचारिका,
करी रोड, मुंबई