पुण्याच्या मॅडम, तुमचं बोट

मॅडम,

परवा डीएमएलटीचा, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचा, निकाल लागला. पास झाले. तुमचं पूर्ण नावही मला माहीत नाही, नववीच्या वहीत नुसतं 'पुण्याच्या मॅडम' लिहिलंय. म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या आमच्या आश्रमशाळेत मायक्रोस्कोप नव्हता असं नाही. कपाटात होता, वरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा न काढलेला. किल्ली सरांच्या खिशात. मागितली की, "फुटला तर भरून कोण देणार, तुझा बाप?" आम्ही पेशी वहीत पेन्सिलीने काढायचो आणि पाचपैकी चार मार्क घ्यायचो.

तुम्ही ती पिशवी फाडलीत. मग विचारलंत, रक्त कोणाचं बघायचं? कुणीच हात वर केला नाही. रक्त म्हटलं की आम्हाला तपासणीची गाडी आठवायची. रांग लावायची, बोटं टोचायची, गाडी गेली की संपलं. माझ्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे हे घरी कळायला चार वर्षं गेली. तोवर सांधे धरून रडला की 'नाटकं करतो' म्हणणारे शिक्षकच होते.

तुम्ही स्पिरिटचा बोळा फिरवून स्वतःचं बोट माझ्यापुढे धरलंत. "टोच." माझा हात थरथरत होता, पहिल्यांदा नीट लागलीच नाही. दुसरी सुई घेतली. तुम्ही हात मागे घेतला नाहीत. "जोरात गं, घाबरतेस काय!"

मग त्या गोल, मधे फिकट पेशी दिसल्या. शेजारी तुम्ही फळ्यावर विळा काढलात, सिकलसेलमधली पेशी अशी दिसते म्हणून. विळा आम्हाला कशाला शिकवायला हवा! हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलीन बसतं, एवढ्याने पेशी वाकते. आई आणि बाबा दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून तो दोष अंगात असेल, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता. हे मी आईला चुलीपुढे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून काही चुकलं नव्हतं?"

अकरावीला आमच्याकडे फक्त आर्ट्स होतं. सायन्ससाठी शहाद्याला गेले, त्याची रडकथा नको.

२०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, मुदत २०४७ ची. मशिनं येतील. टोचायच्या आधी पोराशी पावरी बोलीत दोन शब्द बोलणारं माणूसही लागेल ना?

ट्रेनिंगमध्ये एक मुलगी हात मुठीत घट्ट लपवून बसली होती. मी माझं बोट पुढे केलं, म्हटलं, आधी तू मला टोच. तिनेही दोनदा टोचलं, मॅडम.