खडूच्या खुणेसाठी आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे गाडी आणली त्या दिवशी इंजिन उघडावं लागणार, असं मी मनाशी धरूनच आले होते. सस्पेन्शन 50 मिलिमीटरने उचललेलं, खाली 285/75 आर 16 चे नवेकोरे टायर, गाडी दिसायला रुबाबदार. पण चढाला लागली की अंगात जीव नाही. पाचवा टाकला की गुदमरायची. चढावर रिव्हर्स घेताना क्लच प्लेट जळल्याचा वास केबिनभर व्हायचा. ज्या वर्कशॉपने गाडी उंच करून दिली होती, त्यांनी आधी इंजेक्टर, मग टर्बो, मग क्लच असं एकेकाचं नाव घेतलं. टायरचं नाव कुणी घेतलं नाही.

तुम्ही बॉनेटला हातसुद्धा लावला नाहीत. "आधी कुठला टायर होता?" एवढंच विचारलंत. मी 235/70 आर 16 म्हणाले आणि तुम्ही खडू काढलात.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय ते त्या खडूसाठी. गाडी उंच करून मोठे टायर चढवणारे माझ्यासारखे कितीतरी जण आहेत, आणि त्यांना तुमच्यासारखं माणूस भेटेलच असं नाही.

फरशीवर तुम्ही मांडलेला हिशोब मला अजून तोंडपाठ आहे. 235 ही टायरची रुंदी, तिच्या 70 टक्के म्हणजे 164.5 मिलिमीटर बाजूची उंची. ती वर एकदा, खाली एकदा, आणि मध्ये 16 इंची रिमचे 406. जुना टायर झाला 735 मिलिमीटरचा. तसाच नवा मांडला तर 834. भागाकार 1.134. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी 13 टक्के जास्त अंतर कापणार आणि इंजिनला प्रत्येक गिअर तेवढाच जड जाणार. क्राऊन-पिनियन म्हणजे चाकांच्या अ‍ॅक्सलमधली मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी; 4.10 म्हणजे लहान चाकाच्या 4.10 फेऱ्यांना मोठ्याची एक फेरी. "तुझ्या गाडीचं क्राऊन-पिनियन कुणी हात न लावता 4.10 चं 3.62 करून ठेवलंय," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गाडीला आजार झालेलाच नव्हता. ती नको तेवढं ओझं उचलत होती.

मग तुम्ही म्हणालात, कंपनीने 4.10 दिलंय हे पुस्तकात लिहिलंय म्हणून मानायचं नाही, मोजायचं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मागचं एक चाक जॅकवर, अ‍ॅक्सलखाली स्टँड, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनचा जोर मागे नेणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर खडूची एक रेघ आणि तिच्यासमोर हौसिंगवर दुसरी. मला खाली झोपवलंत आणि वरून तुम्ही चाक हाताने फिरवत राहिलात. एक चाक जमिनीवर अडकलं असेल तर डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे) मोकळं चाक दुप्पट फिरतं, म्हणून त्याच्या दोन फेऱ्या मिळून एक धरायची, हे तुम्ही फिरवता फिरवता सांगितलंत. तुमच्या वीस फेऱ्या झाल्या आणि माझी रेघ एक्केचाळिसाव्यांदा समोरासमोर येऊन थांबली. नेमकी. पिनियनला 10 दात, क्राऊनला 41. रेशो हा शब्द मी कितीतरी वेळा ऐकला होता, पण तो असा डोळ्यांनी पाहिला नव्हता.

त्यानंतर तुम्ही टायरच्या कडेला आणि जमिनीवर खूण करून गाडी एक फेरीभर ढकलायला लावलीत. टेपवर 2 मीटर 54 सेंटीमीटर आले. कागदावरच्या व्यासाने 2 मीटर 62 यायला हवे होते. गाडीच्या वजनाखाली टायर दबतो, म्हणून हिशोब नेहमी जमिनीवरच्या मापाने करायचा, हे मी आता कुणालाही सांगते. त्या मापाने 80 च्या खऱ्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये इंजिन पूर्वी मिनिटाला 2070 फेऱ्यांच्या आसपास फिरायचं, ते 1830 वर आलं होतं. आणि चढावर वेग 60 वर आला की 1370. तिथे टर्बो जोर धरतच नव्हता. त्यात बिचाऱ्या इंजेक्टरचा काय दोष?

आता निवड. 4.10 ला 1.134 ने गुणलं तर 4.65 येतं आणि बाजारात माझ्या गाडीसाठी त्याच्या आजूबाजूला दोनच जोड: 4.56 आणि 4.88. मी 4.56 कडे झुकले होते, कारण तो आकडा जवळचा होता. तुम्ही मला अडवलंत. गणिताला फक्त व्यास दिसतो, म्हणालात. नव्या टायरचं वजन, उंच झालेल्या गाडीला लागणारा वारा, टपावरचं कॅरियर आणि मागचं सामान त्याला दिसत नाही. पण 4.88 ची दुसरी बाजूही तुम्ही लपवली नाहीत. 4.56 मध्ये पिनियनला 9 दात असतात, 4.88 मध्ये 8. पिनियन बारीक होतं, एका वेळी कमी दात एकमेकांत गुंततात, म्हणजे दगडात चाक अडकलेलं असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबून हिसका दिला तर तुटण्याचा धोका जास्त. "हळू चालवणारी असशील तर 4.88 घे." मी हळू चालवणारी आहे, काका. 4.88 घेतला.

पैसे वाचवायला आधी मागचंच करू, पुढचं नंतर, असं मी सुचवलं होतं. तुमचा आवाज चढलेला मी तेवढाच एकदा ऐकला. फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटून देणारा गिअरचा डबा) दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरवणार, पुढे 4.10 आणि मागे 4.88 असेल तर चाकं एकमेकांशी भांडणार आणि कडक जमिनीवर काहीतरी मोडल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही अ‍ॅक्सल एकाच वेळी, नाहीतर काम करणार नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. त्या नकाराचे आभार मला सगळ्यात आधी मानायला हवे होते.

काम चालू असताना मी दोन दिवस शेजारी स्टूल टाकून बसले होते. पुढचा अ‍ॅक्सल चौथ्यांदा बाहेर काढलात तेव्हा तुमचा मदतनीसही कंटाळला होता. क्राऊनच्या दातांना पिवळी पेस्ट लावायची, फिरवायचं, ठसा बघायचा. ठसा दाताच्या मुळाकडे सरकलेला होता, म्हणजे पिनियन जास्त आत गेलेलं. केसाएवढी पातळ चकती, शिम, काढली, पुन्हा सगळं बसवलं. डायल गेजवर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, 0.18 मिलिमीटर आला आणि ठसा दाताच्या मधोमध आला, तेव्हा तुम्ही काही न बोलता गेज माझ्या हातात दिलात आणि क्राऊन मला हलवून बघू दिलंत. तो इवलासा खुळखुळ बोटांना जाणवला. तेवढी फट नसेल तर दात तापून खरवडतात, जास्त असेल तर ठोकतात. तिसऱ्या वेळचा ठसा "चालण्यासारखा" होता, हे तुम्हीच म्हणाला होतात. तुम्ही तो चालवून घेतला नाहीत.

जे गिअरने सुधारणार नाही, तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. मोठ्या चाकावर त्याच ब्रेकची पकड साधारण 12 टक्क्यांनी कमी पडते आणि क्राऊन-पिनियन बदलून त्यात काही फरक पडत नाही. उतारावर इंजिनचा ब्रेक मात्र परत मिळतो. लिफ्टने, म्हणजे सस्पेन्शन उचलल्याने, अ‍ॅक्सल वर जात नाही, फक्त बॉडी वर जाते आणि टायरला जागा होते. डिफरन्शियलच्या पोटाखालची उंची वाढली ती टायरमुळे, तीही व्यासाच्या फरकाच्या निम्मी, 49 मिलिमीटर. आणि माझं मायलेज पडलं म्हणून मी कुरकुरत होते, त्यातला बराच भाग मीटरचा होता. माझ्या गाडीत मीटरला खबर ट्रान्सफर केसवरून जाते, त्यामुळे 100 दाखवायचा तेव्हा गाडी 113 धावलेली असायची. आता तो उलट थोडा पुढे आहे, 100 ला 95. डिझेलचा हिशोब करताना मी हे धरते.

गाडीचं सांगते. पाचवा गिअर चढावरही टिकतो. लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) पहिल्यावर ती पायाखालचं बघत चालणाऱ्या माणसासारखी दगड उतरते, ब्रेकवर पाय न ठेवता. रिव्हर्समधला तो वास गेला, आणि क्लच जुनाच आहे, तो बदलावा लागला नाही.

पहिले तीस किलोमीटर हलक्या पायाने जाऊन गाडी पूर्ण थंड होऊ दिली, सामान लादलं नाही, 800 किलोमीटरला दोन्ही डिफचं तेल बदललं, सगळं तुम्ही सांगितलं तसंच. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर काजळासारखी करडी साय होती; बोटांत चोळून पाहिली, एकही कण टोचला नाही. ते फडकं टाकलेलं नाही. येत्या आठवड्यात घेऊन येते, तुम्ही एकदा नजर टाका.

आपली कृतज्ञ,
उंच गाडीवाली