व्याही येताहेत, तेव्हा…

सातारा

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सासू-सासरे अधिकाचं वाण घेऊन अमरावतीहून पुण्याला यायचं म्हणताहेत, हे स्नेहलने फोनवर सांगितलं आणि मला फार आनंद झाला. खरं तर अधिकात जावयाने सासरी जायचं असतं. तुला रजा मिळत नाही म्हणून या वयात ते दोघं घराबाहेर पडताहेत.

आधी प्रवासाचं बघ. व्याह्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. २०२२ पासून एसटीत ७५ च्या पुढच्यांना तिकीट लागत नाही आणि विहीणबाईंना अर्धं पडतं, म्हणून ते बसनेच येतो म्हणतील. ऐकू नकोस. जवळपास सहाशे किलोमीटर बसून यायला त्यांचे गुडघे साथ द्यायचे नाहीत. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थच्या कोट्यातून तिकीट तूच काढ. त्यावर दोघांचीच नावं घाल, तिसरं नाव घातलं तर तो कोटा मिळत नाही. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, भाडं पूर्ण पडेल. तो आकडा मात्र त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

आता मुख्य सांगते. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं मानणाऱ्या घरात ती दोघं वाढली. आता ते तसं पाळत नाहीत, पण संकोच जात नाही. दुसऱ्याच दिवशी ‘निघतो आता’ सुरू होईल. स्नेहल राबताना दिसली की आपल्यामुळे लेकीला त्रास, असं त्यांच्या मनात येणारच. म्हणून सकाळचा चहा तू कर. स्टेशनवर तू जा, पिशव्या तू उचल, आंघोळीचं पाणी तू काढून दे. जावई मनापासून करतोय हे दिसलं, तरच ती माणसं निवांत राहतील. व्याही ‘काहाले तरास घेता’ म्हणतील, तू करत राहा.

तुमचं रात्रीचं जेवण दहाला होतं. त्यांचं साडेसातला आटोपतं आणि व्याह्यांची मधुमेहाची गोळी जेवणाशी बांधलेली आहे. तेवढे दिवस ऑफिसातून लवकर ये. बाथरूमच्या गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट टाक, कमोडशेजारी धरायला दांडी बसवून घे, रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेव. विहीणबाई मूगवड्या घेऊन येतील, पाटोडीचा रस्सा करते म्हणतील. करू दे. ओट्याजवळ खुर्ची ठेव म्हणजे झालं.

वाणाच्या दिवशी सदरा घालून पाटावर बस. ‘कशाला एवढं’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. तेहतीस अनारसे बाजारातून आणता येतात, पण विहीणबाई तसे आणणार नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून कुटायचे, गुळात कालवून पीठ मुरवायचं आणि एकेक गोळी खसखशीवर थापायची. त्यांची बोटं संधिवाताने वाकली आहेत रे. मी पाहिली आहेत ती जवळून. तुझे बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा याच बोटांनी त्या आपल्या ओट्याशी भाकरी थापत होत्या, आणि व्याही बाबांच्या उशाशी बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचे, अगदी बाजारभावाच्या पानापर्यंत. बाबांना तो आवाज लागायचा. अशी माणसं आपल्याला नात्यात मिळाली.

यंदाचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, वाण त्यातच व्हायला हवं. तिकडे उन्हाचा कहर असतो, तेव्हा चांगले महिनाभर ठेवून घे. परतीचं तिकीट आत्ताच काढू नकोस. मीही चार दिवस येईन, विहीणबाईंशी बोलायचं खूप साठलं आहे.

त्यांचं यायचं तिकीट कन्फर्म झालं की डबा आणि बर्थ मला कळव. व्याह्यांना मी फोन करते, माझं ते मोडणार नाहीत.

स्नेहलला आशीर्वाद.

तुझी,
आई