दत्ता, अण्णांना विचारायचं राहून गेलं

डर्बन, फेब्रुवारी

प्रिय दत्ता,

दीड वर्षात पत्र नाही, फोनवर नुसतं 'बरंय ना'. शिव्या घाल, पण आधी हे वाच. गेल्या महिन्यात मी एका बाईला कामावरून कमी केलं. देवाच्या डोंगराला चालत गेली आणि पाच दिवस उशिरा परतली म्हणून. कागदावर सही माझी. रात्री सुमनला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "दत्ताभावजींना कळवलंत का?"

तब्येत ठीक आहे. साखर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो.

त्या बाई आमच्याकडे ओव्हरलॉकवर, म्हणजे कडा शिवायच्या मशीनवर, अकरा वर्षं होत्या. इथे मोठ्या बाईला 'मामा' किंवा नुसतं 'मा' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुझा मिशाळ गणूमामा डोळ्यांसमोर आला आणि मी भर खात्यात हसलो होतो. त्या शेंबे नावाच्या झुलू धर्मगुरूंच्या ख्रिस्ती पंथातल्या. शनिवारी काम नाही, चूलसुद्धा पेटवत नाहीत. आम्ही दोघं मिळून ते निभावत होतो. त्या रोज अर्धा तास जास्त थांबायच्या. मग मालक बदलले, शनिवारची पाळी सक्तीची झाली. त्यात जानेवारीत न्हलंगाकाझी या त्यांच्या पवित्र डोंगराची यात्रा. पांढरे झगे घातलेली माणसं उन्हातान्हात अनवाणी त्या डोंगराकडे चालतात, पोरं पाठीला, वळकट्या डोक्यावर. दत्ता, मी गाडी बाजूला घेऊन पाहत राहिलो होतो. इचलकरंजीच्या नाक्यावर तुझ्या वडिलांच्या, अण्णांच्या दिंडीला आपण पाणी द्यायचो ना, तसंच वाटलं. आणि चारच दिवसांनी मी सही केली.

थकलेले पैसे द्यायला डर्बनजवळच्या इनांडाला, त्यांच्या घरी गेलो. नेमका शनिवार, तोही पाळी संपवूनच. त्या म्हणाल्या, "आज व्यवहार नको. आलाच आहात तर बसा." घरामागच्या उतारावर झाडाखाली पांढऱ्या रंगवलेल्या दगडांचं रिंगण होतं. तेच देऊळ. भिंत नाही, छप्पर नाही. मला बूट काढायला लावले. जळत्या झुडपापुढे मोशेने काढले तसे. लोखंडी खिळ्यावर पाय पडल्यासारखा मी आत गेलो.

तिथे बसून त्यांनी मला शेंबे सांगितले. भूतकाळात बोलतच नाहीत, जणू माणूस आत्ता विहिरीवर गेलाय. आयझया शेंबे. ड्राकेन्सबर्ग डोंगररांगेच्या बाजूचे, लहानपणी घरच्यांबरोबर हॅरिस्मिथकडे गेले आणि बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्याच्या शेतावर राबले. शाळेचं तोंड पाहिलं नाही. वीज अंगावर पडून भाजले आणि त्यातच आज्ञा झाली असं सांगतात: बायका सोड आणि निघ. मी विचारलं, त्या बायकांचं काय झालं? मा गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही पगारपत्रक सांभाळता म्हणून तुम्हाला हे सुचलं." मला तुझी आई सुचली होती. अण्णा पंढरीला जायचे तेव्हा दुकानदाराला तोंड कोण द्यायचं, ते मी पाहिलंय.

१९०६ साली लेशेगा नावाच्या आफ्रिकी बाप्टिस्ट धर्मोपदेशकाकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे शनिवार पाळण्यावरून वेगळे झाले. १९१०च्या सुमारास या नाताळ प्रांतात आले, आजाऱ्यांवर हात ठेवत गावोगाव फिरले, आणि इनांडाला जमीन विकत घेऊन एकुफाकामेनी वसवलं. 'उंचावरचं ठिकाण' असा अर्थ. ही जमीन घेण्याची गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, दत्ता. १९१३च्या कायद्याने काळ्या माणसांसाठी देशाची जेमतेम ७ टक्के जमीन राखली आणि बाकीची विकत घेण्याची वाटच बंद केली. शेतांवरून हाकललेली कुटुंबं गुरं घेऊन रस्त्यावर आली. अशा काळात या माणसाकडे विधवा, अनाथ, घरातून बाहेर काढलेल्या मुली आल्या आणि त्यांना पाय टेकायला स्वतःची जागा मिळाली. चटया विणा, शेती करा, कुणापुढे हात पसरू नका. मिशनवाल्यांनी झुलूंचा नाच पाप ठरवला होता. शेंबेंनी तोच नाच ढोलासकट देवापुढे नेला. गाणी त्यांना मुलीच्या आवाजात ऐकू यायची म्हणतात; शिष्य लिहून घ्यायचे. छापील पुस्तक त्यांच्या मागे, १९४० साली मुलाने काढलं. मांनी एक गायलं. अण्णांच्या काकड्याइतकं सावकाश, शब्द कळत नव्हते तरी उठवेना.

१९३५च्या मे महिन्यात ते गेले. थंड नदीत तासन्‌तास उभं राहून लोकांना बाप्तिस्मा देत होते, त्याने आजार बळावला असं सांगतात. पुढचं मांनी आवाज खाली करून सांगितलं. मुलगा जोहानीस गॅलिली गादीवर आला, शिकलेला, फोर्ट हेअर कॉलेजचा. तो १९७६ साली गेल्यावर काका-पुतण्यांत फूट पडली आणि १९८९मध्ये पुतण्या लोंडाचा खून झाला. "तरीही चालता?" मी विचारलं. "डोंगर कुणाच्या नावावर आहे का?" म्हणाल्या.

तुझे गांधीजीही तिथून जवळच, १९०४ साली फिनिक्सला. काळ्या लोकांचे पुढारी जॉन डूबे यांची ओहलांगे शाळाही त्याच भागात; शेंबेंचं पहिलं चरित्र डूबेंनीच झुलूत लिहिलंय. तू आलास की तिन्ही दाखवतो. फक्त चरख्यावर भाषण करायचं नाही.

आता खरं सांगतो. मालक म्हणतात, 'चूक झाली, पुन्हा जाणार नाही' असं लिहून दिलं तर घेऊ. मी तो कागदही घेऊन गेलो होतो. खिशातून काढलाच नाही. त्या लिहिणार नाहीत, आणि मी काढला असता तर त्यांनी मला पुन्हा त्या रिंगणात येऊ दिलं नसतं असं वाटतं. माझ्या हातात काय आहे? शनिवारची पाळी मी स्वतः घेतो, त्यांची गैरहजेरी माझ्या रजेत धरा, असं सांगून पाहायचंय. नाही ऐकलं तर सोडायचं का? सुमन म्हणते सोडा, पण ईशाची शेवटची फी राहिलीय.

वारीपायी अण्णांचं गिरणीतलं नाव कमी झालं, तू कॉलेज सोडलंस, तेव्हा मी तुला म्हणालो होतो, "विठोबा पगार देणार आहे का?" सात महिने बोलला नाहीस. मी ते वाक्य कधी मागे घेतलं नाही, लग्नात मिठी मारली तेव्हाही नाही. आज घेतो. माफ कर.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? रोहनच्या दुकानाचं कळलं, फार आनंद झाला, त्याला सविस्तर लिहीन.

पण आधी एवढं लिही. गिरणीतल्या ज्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, अण्णांना काढायच्या कागदावर सही केली तो नंतर एकदा तुमच्या ओट्यावर आला होता, आणि आपल्याला बाहेर खेळायला पाठवलं होतं. अर्ध्या तासाने तो डोळे पुसत गेला. अण्णा त्याला काय म्हणाले? आईला विचार, तिने दारामागून ऐकलं असणार. मला या शनिवारच्या आत कळव.

तुझा,
सुधीर