आडनाव दोघांचं एकच, मग कागद वेगवेगळे का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

लग्नानंतरच्या आडनावाबद्दल आपल्या पुरवणीत आलेली वाचकांची मतं वाचली. बहुतेकांचा वाद मुलीनं आडनाव बदलावं की नाही एवढ्यावरच होता. आमच्या घरी फेब्रुवारीत तिसरंच घडलं, म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी आणि जावई, दोघंही बडोद्यातच लहानाचे मोठे झाले. दोघांनी आपापलं आडनाव सोडून 'बडोदेकर' घेतलं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले. मुलीनं अंगठीनं 'बडो' लिहिलं आणि अंगठी जावयाच्या हातात दिली. त्यानं 'देकर' पुरं केलं. मला रडू आवरेना. १९८६ साली माझ्या लक्ष्मीपूजनाला यजमानांनी तांदळात माझं नाव लिहिलं, तेव्हा आपलं नाव बदललंय हे मला ताटात वाचून कळलं होतं. सासरी माया भरपूर मिळाली. पण माहेरच्या नावानं हाक मारणारी आता एक थोरली बहीणच उरली आहे.

रावपुऱ्यातून जाताना चिमणाबाई टॉवरकडे बघितलं की हेच मनात येतं. ज्यांच्या स्मरणार्थ तो उभा आहे, त्या माहेरच्या तंजावरच्या लक्ष्मीबाई. त्या गेल्यावर सयाजीराव महाराजांचं दुसरं लग्न झालं. देवासच्या गजराबाई घाटगे आल्या आणि त्यांनाही चिमणाबाई हेच नाव मिळालं. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या त्या याच. एवढं कर्तृत्व, पण गजराबाई म्हणून त्यांना आज गावात कोण ओळखतं?

विहीणबाईंना घराण्याचं नाव बुडेल याची काळजी होती, आणि ती मला समजते. पण कुलदैवत आणि गोत्र जिथल्या तिथे आहेत. फडणीस, मुजुमदार, चिटणीस ही आडनावं तरी हुद्द्यांवरूनच पडली ना! आणि गायिका हिराबाई बडोदेकरांचे सख्खे भाऊ सुरेशबाबू माने होते; आडनावं दोन. गाणं एकाच घरचं होतं.

त्रास झाला तो कचेरीत. हिंदू विवाह कायद्यात आडनाव बदलण्याची सक्ती कुठेच नाही. मुलीनं नवऱ्याचं आडनाव लावलं असतं तर विवाह नोंदणीच्या दाखल्यावर काम झालं असतं. इथे दोघांना वेगवेगळं प्रतिज्ञापत्र, वेगवेगळी गॅझेटची फी, मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट. खिडकीवरचे गृहस्थ जावयाला म्हणाले, "भाईनी अटक थोडी बदलाय?" म्हणजे, पुरुषाचं आडनाव कुठे बदलतं का? मागच्या रांगेतले लोक हसले. जावई काही बोलला नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. आपल्या बायकोचं मन राखणाऱ्या मुलाला चारचौघांत हसावं, हे मला फार लागलं.

बडोदे संस्थानानं १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा आणि १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा केला. त्यापुढे माझं मागणं लहान आहे. विवाह नोंदणीच्या अर्जात वर आणि वधू दोघांसाठीही 'लग्नानंतरचं नाव' अशी ओळ असावी, आणि त्याच दाखल्यावर दोघांचे बाकीचे कागद बदलून मिळावेत. महापालिकेतल्या आपल्या मराठी नगरसेवकांनी हे सरकारपर्यंत पोचवावं. मार्गशीर्षात माझ्या पुतण्याचं लग्न आहे, आणि तो आणि त्याची होणारी बायको आत्तापासूनच विचारताहेत, "काकू, किती खेपा पडतात?"

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा
(मुलीच्या घरचा विषय असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)