पावसाआधीची पालवी

नगर,
सोमवार, ३० मार्च २०२६

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात तुला सलाम.

काल तू फोनवर जे बोललास त्यावर मी तिथल्या तिथे काही बोलले नाही. ताई शेजारी होती, भिंगारच्या मावशी जेवायला थांबल्या होत्या, आणि मला त्यांच्यासमोर तुझ्याशी वाद घालायचा नव्हता. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू दोन वाक्यांत विषय संपवतोस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

तू म्हणालास, "पप्पांसाठी अख्ख्या मंडळीने साखळी प्रार्थना केली, रात्रीचे दोन-तीनचे तासदेखील कुणी ना कुणी घेतले, त्याचं काय झालं?" मग म्हणालास की आता तू कुठल्याच चर्चमध्ये जात नाहीस आणि त्याने तुला काही फरक पडत नाही. पहिलं मला समजलं. तो प्रश्न माझ्याही घशाशी येतो. दुसरं मात्र मला खरं वाटलं नाही. ज्याला फरक पडत नाही तो झावळ्यांच्या रविवारी मुद्दाम आईला फोन करून ते सांगत नाही.

तू चर्चला जातोस की नाही हे मी विचारणार नाही, तसं ठरवूनच बसले आहे. रात्री झोपताना प्रार्थना करतोस का, हेही विचारणार नाही.

इथली खबर सांगते. कालची उपासना छान झाली. संडे स्कूलच्या पोरांनी झावळ्या घेऊन होसान्ना म्हणत पूर्ण आवाराला फेरी घातली, आणि दरवर्षीसारखीच निम्म्या झावळ्या एकमेकांच्या डोक्यात घातल्या. तू गेल्या वर्षी तिकडचा फोटो पाठवला होतास, झावळ्यांऐवजी विलोच्या फांद्या, त्यांवर मऊ करडे गोंडे. तो मी ताईच्या धाकटीला दाखवला. तिला फार नवल वाटलं की लोक आपल्याकडे जे उगवतं तेच घेऊन प्रभूच्या स्वागताला जातात. तो फोटो काढला तेव्हा तू तिथे उभा होतास ना? की रस्त्यावरून जाता जाता काढलास? जाऊ दे.

अंगणातल्या कडुलिंबाची पानं झडून गेली होती. होळीच्या सुमारास मी रोज दोनदा झाडत होते. आता सगळं झाड तांबूस पालवीने भरलंय. चर्चच्या कोपऱ्यातला पिंपळही तसाच, कोवळी पानं उन्हात तांब्यासारखी चमकतात. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, नळाला दिवसाआड पाणी, विहिरी खाली गेलेल्या, पाऊस अजून दोन-अडीच महिने लांब. आणि याच दिवसांत हे झाड नवं पान काढतं.

शाळेत इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून तुला हे कसं घडतं तेही सांगते. पानांतून पाणी सारखं हवेत उडून जात असतं. कोरडे दिवस आले की झाड पानं गाळतं, तो खर्च थांबतो, खोडात हळूहळू पाणी परत भरतं. तो साठा आणि खोल गेलेली मुळं यांच्या जोरावर पावसाची वाट न बघता पालवी फुटते. म्हणजे पानगळ नसती तर ही पालवीही नसती. कोवळ्या पानाचा तांबूस रंग अँथोसायनिनचा. हिरवं द्रव्य पुरेसं तयार होईपर्यंत तो रंग कोवळ्या पानाला कडक उन्हापासून जपतो.

पुनरुत्थानाच्या संदेशात वसंत ऋतू नेहमीच येतो. पण तो वसंत बायबलच्या देशातला. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि तो सरला की भिजलेल्या जमिनीतून फुलं येतात. गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात तोच वसंत आहे. तुझ्या तिकडे बर्फ वितळून येतो. आपल्या नगर जिल्ह्यातला वसंत तसा नाही. आपल्याकडे तो जमीन भेगाळलेली असताना येतो. लहानपणापासून मी हेच बघत आले. माझ्या वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, आम्ही रांगेत उभं राहून सुकडी खाल्ली. आमच्या वस्तीवरच्या विहिरीचा तळ दिसत होता आणि बांधावरच्या कडुलिंबाला मोहर आला होता. लिंबाच्या त्या कडू-गोड वासात माझे वडील संध्याकाळची प्रार्थना करायचे. प्रार्थनेत पाऊस मागायचे, पण आधी आभार मानायचे. कशाचे, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

ईयोबाच्या चौदाव्या अध्यायात झाडाची गोष्ट आहे, तुला आठवत असेल. झाड तोडलं तरी त्याला आशा असते, पाण्याचा नुसता वास लागला की जुना बुंधाही फुटतो. पुढचं आपण सहसा वाचत नाही. ईयोब हे समाधानाने म्हणत नाही, कडवटपणाने म्हणतो. झाडाला आशा आहे, माणसाला कुठली, माणूस मरतो तो जातोच, असं त्याचं म्हणणं. म्हणजे तू काल जे बोललास ते पवित्र शास्त्रात आधीच लिहिलेलं आहे. देवाने ते खोडून काढलं नाही. माझा विश्वास असा की त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याने स्वतःचा पुत्र पाठवला, आणि त्यालाही तो प्रश्न विचारू दिला.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी चौथा पप्पांकडे असायचा. "एली, एली, लमा सबख्थनी?" माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? एका वर्षी पाळकसाहेबांनी त्यांना दुसरा उद्गार देऊ केला तर पप्पा म्हणाले, माझ्याकडून हा काढून घेऊ नका. तू सहावीत असताना त्यांना विचारलं होतंस की येशू स्वतः देवाचा पुत्र, मग तो असं का ओरडला. तेव्हा त्यांनी तुला बाविसावं स्तोत्र काढून दिलं आणि पूर्ण वाचायला लावलं. तू वाचलंस आणि म्हणालास, "पण इथेही सुरुवातीला उत्तर नाहीये." पप्पा इतके खूश झाले की ते मला सांगायला स्वयंपाकघरात आले. या शुक्रवारी तो उद्गार दुसऱ्या कुणाकडे आहे. मी जाणार आहे, पण त्या वेळी कुठे बघायचं ते अजून ठरवलेलं नाही.

तर मला म्हणायचंय ते एवढंच, की तू रागावला आहेस याची मला भीती वाटत नाही. तो राग ज्याच्यावर आहे त्याच्याशीच बोल. राग मनात ठेवून गप्प बसलास तर मात्र मला भीती वाटते. कारण गप्प माणूस प्रार्थना करत नाही, आणि तू लहानपणापासून रडण्यापेक्षा गप्पच जास्त बसतोस. तिथे हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधार पडतो, ऑफिसातून येऊन तू एकटा त्या खोलीत बसतोस. निदान एखादी मंडळी शोध. भाषा कळली नाही तरी बस मागच्या बाकावर. शुक्रवारी आणि सोमवारी तिथे सुटी असतेच, म्हणजे कामाची सबब नाही. इब्री लोकांस पत्रात स्पष्ट सांगितलंय, एकत्र मिळणं सोडू नका. निखारा चुलीबाहेर काढला की—

राहू दे. हे व्यासपीठावरचं झालं, आणि ते तुला माझ्याकडून ऐकायचं नाही हे मला माहीत आहे. माफ कर. खोडता येईल, पण खोडत नाही, कारण मनात आहेच.

तू चौथीत असताना शाळेच्या कुंपणाजवळ एक करंज लावला होतास. मार्चमध्ये त्याच्या काड्या झाल्या. रोज डब्याच्या पिशवीतली बाटली त्याला ओतायचास आणि स्वतः तहानलेला घरी यायचास. एक दिवस झाड मेलं म्हणून दप्तर फेकून बसलास. पप्पांनी तुला सायकलवर परत तिथे नेलं, नखाने खोडाची साल किंचित खरवडली आणि आतलं हिरवं दाखवलं. तू लगेच दुसऱ्या जागी खरवडायला गेलास. त्यांनी हात धरला. "एकदा बघितलं ना? पुन्हा पुन्हा खरवडायचं नाही, त्याने इजा होते." हे मला तुझ्याकडून कळलं होतं, रात्री, झोपताना. मी हे लिहितेय आणि त्यांचं ते वाक्य मलाच ऐकू येतंय. प्रार्थनेबद्दल आता नाही विचारत.

यंदा पुनरुत्थान दिन ५ एप्रिलला आहे. पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी त्याच दिवशी असते, १९२२ साली त्या गेल्या. आजीची आई केडगावच्या मुक्तीत, म्हणजे रमाबाईंनी काढलेल्या आश्रमात, वाढलेली (दौंडजवळचं केडगाव, आपलं नव्हे), म्हणून आमच्या घरी ५ एप्रिलला त्यांची आठवण निघायचीच. आजीकडून ऐकलेलं तुला सांगितलं असेल, तरी परत सांगते. बाईंनी बाप्तिस्मा घेतला १८८३ साली, इंग्लंडमध्ये. पण पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं की धर्म तेव्हा मिळाला होता, ख्रिस्त नव्हता, तो भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. एवढी विद्वान बाई, संस्कृत मुखोद्गत, आणि तिलाही ही मधली कोरडी वर्षं आली. ती त्यांनी लपवली नाहीत. आणि शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यानंतरही त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलचं भाषांतर सोडलं नाही, ते पुरं केलं आणि मग गेल्या. मुक्तीतल्या बायकांनीच ते तिथल्या छापखान्यात छापलं. लेकीला पुरून आल्यावर मूळ भाषेतल्या एकेका ओळीशी त्या कशा बसल्या असतील, हे मला पूर्वी उमगत नव्हतं. पप्पा गेल्यापासून थोडं उमगतं. त्यांना काही फार मोठं वाटत असेल असं नाही. रोजची ओळ असेल, ती करायची.

मला तुझ्याकडून फार मोठं काही नको आहे. विश्वास परत आला, मन भरून आलं, असलं काही नको. एखादी ओळ. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं म्हणून पुढचं जमलं नाही तरी थांब. मग्दालीया मरीया पहाटे कबरेशी गेली ती विश्वासाने गेली नव्हती. ती रडायला गेली होती. बाकीचे घरी परतले, ती तिथेच थांबली, आणि समोर प्रभू उभा असताना तिला तो माळी वाटला. त्याने नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखलं. त्याने तिला आधी ओळख पटव, मग हाक मारतो, असं म्हटलं नाही.

तुझा अभिमान वाटतो हे मी कधी तोंडाने म्हणत नाही, आज लिहिते. शेवटच्या आठवड्यात तू रात्र रात्र पप्पांचे तळवे चोळत बसायचास. नर्स म्हणाली होती, असा मुलगा बघितला नाही. पप्पांना बोलता येत नव्हतं तेव्हा तू त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणत होतास. ते गाणं होतं की प्रार्थना, मी दारातच होते, मला ऐकू आलं नाही. आज काही विचारायचंच असेल तर ते विचारते. काय म्हणत होतास? सांगावंसं वाटलं तर सांग.

रविवारी पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जाऊ. मामा येणार आहेत, गुडघा दुखतोय तरी. पप्पांच्या तिथे तुझ्या नावाचीही मेणबत्ती लावीन. ती मी तू सांगितलंस म्हणून नाही, माझी मी लावणार आहे, त्यात तुझ्यावर काही ओझं समजू नको. तुमची घड्याळं कालपासून पुढे गेली, आता आपल्यात साडेतीनच तासांचं अंतर. आम्ही परत येऊ तेव्हा तू झोपेत असशील. दुपारी फोन कर. उपासनेचं काही काढणार नाही, ताईलाही सांगून ठेवते.

ताईच्या धाकटीचं दृढीकरण, म्हणजे चर्चमध्ये उभं राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, मे महिन्यात ठरलंय. तिला तू हवा आहेस, "मामा आल्याशिवाय मी पुढे जाणार नाही," असं तिने पाळकसाहेबांना परस्पर सांगून टाकलं. तेव्हा तिकिटाचं या आठवड्यात बघ, नंतर दर चढतात. राहुरीच्या कागदांवर तुझी सहीही लागणार आहे, त्या निमित्ताने तेही होऊन जाईल. आणि पोटाचं औषध संपलं असेल तर नाव लिहून पाठव, इथून कुणाबरोबर तरी देते.

तुझी,
आई